क्रिमिनॉलॉजीसाठी परदेशी विद्यापीठ: गोव्यातून अर्ज करताना

क्रिमिनॉलॉजी म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर हातमोजे घातलेला माणूस आणि रक्ताचे नमुने येतात. ते काम फॉरेन्सिक सायन्सचं. तेच शिकायचं असेल तर समुद्र ओलांडायची गरज नाही, राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा परिसर फोंड्याजवळ कुर्टीलाच आहे. तिथल्या शिक्षणाला पुढे मागणीही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं होत आहे.

क्रिमिनॉलॉजी हे समाजशास्त्र आहे. माणूस गुन्ह्याकडे का वळतो, कोणत्या कृतीला समाज गुन्हा म्हणतो आणि कोणत्या कृतीकडे काणाडोळा करतो, पोलीस, न्यायालय आणि तुरुंग प्रत्यक्षात कसे चालतात, शिक्षेने नेमकं काय साधतं, हे त्याचे प्रश्न. प्रयोगशाळा नसते, पण वाचन भरपूर आणि आकडेशास्त्र बऱ्यापैकी असतं. हा फरक अर्ज करण्याआधी कळला नाही तर तो पहिल्या सत्राच्या चौथ्या आठवड्यात कळतो, आणि तोवर फीचा पहिला हप्ता गेलेला असतो.

बारावीनंतर की पदवीनंतर

पैशांचं पाठबळ भक्कम नसेल तर पदवी गोव्यात करावी आणि मास्टर्सला बाहेर जावं. ब्रिटनमध्ये पदवी तीन वर्षांची (स्कॉटलंडमध्ये चार), मास्टर्स एका वर्षाची, आणि परदेशी विद्यार्थ्याची फी दरवर्षी साधारण २० ते ३० हजार पौंड. गणित सरळ आहे. दुसरं कारण विषयातच दडलेलं आहे. समाजशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र किंवा कायदा यांतली पदवी हातात असली की क्रिमिनॉलॉजीच्या सिद्धांतांना टेकायला भिंत मिळते. मिरामारच्या किंवा मडगावच्या कायदा महाविद्यालयातून पाच वर्षांचा बीए एलएलबी केलेल्याचा अर्ज तर विशेष वजनदार ठरतो, कारण भारतीय फौजदारी प्रक्रिया त्याने आतून वाचलेली असते.

बारावीनंतरच जायचं ठरवलं असेल तर ब्रिटनचा अर्ज यूकास या सामायिक प्रवेश यंत्रणेच्या एकाच मार्गाने जातो आणि त्यात पाच पर्याय निवडता येतात. २०२६ च्या प्रवेशासाठी समान विचाराची मुदत (तोवर आलेले सगळे अर्ज सारख्या नजरेने पाहिले जातात) १४ जानेवारी २०२६ होती, पुढेही जानेवारी महिना धरून चालावं. वैयक्तिक निवेदन आता एकसंध निबंध राहिलेला नाही. तीन प्रश्न असतात: हा विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणाने काय तयारी झाली, शिक्षणाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं (मोकळ्या जागा धरून), आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. मास्टर्सचे अर्ज मात्र प्रत्येक विद्यापीठाकडे वेगळे करायचे.

एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीचे गुण पाहून आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा माफ करतात, पण त्यांच्या यादीत कोणती बोर्डं आहेत हे वेगवेगळं असतं. सीबीएसई आणि आयएससी दिसलं म्हणून गोवा बोर्डही असेल असं गृहीत धरू नका. यादीत नाव नसेल तर ईमेलने लेखी विचारा आणि ते उत्तर जपून ठेवा. परीक्षा द्यावी लागली तर या विषयाला साधारण ६.५ बँड आणि कोणत्याही भागात ६.० पेक्षा कमी नाही, अशी अट बहुतेक ठिकाणी दिसते. सामाजिक शास्त्रांत लेखन जास्त असतं, म्हणून नामवंत ठिकाणी ७.० किंवा ७.५ ही मागतात. निकाल दोन वर्षं चालतो.

कुठे

ब्रिटनमध्ये हा विषय जुना आणि खोल रुजलेला आहे. केंब्रिजची क्रिमिनॉलॉजी संस्था १९५९ पासूनची. ऑक्सफर्ड, लीड्स, मँचेस्टर, एडिनबरा, कार्डिफ, पोर्ट्समथ, लेस्टर इथेही अभ्यासक्रम आहेत. कॅनडात सायमन फ्रेझर आणि टोरोंटो, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनचं ग्रिफिथ, अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठ आणि न्यूयॉर्कचं जॉन जे कॉलेज. नेदरलँड्समध्ये ॲम्स्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठात आंतरराष्ट्रीय गुन्हे आणि संघर्ष या अंगाने इंग्रजीतून मास्टर्स आहे.

अमेरिकेबद्दल दोन गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या. काही विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, तिथे आपली तीन वर्षांची बीए अपुरी ठरते. आणि क्रिमिनॉलॉजी सहसा विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या यादीत धरली जात नाही, त्यामुळे पदवीनंतर कामाची मुभा १२ महिन्यांवर थांबते. कॅनडाची एसडीएस ही विद्यार्थी परवान्याची जलद खिडकी ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली, जुन्या लेखांतले सल्ले त्यामुळे निरुपयोगी आहेत. पुढचा तपशील ब्रिटन धरून दिला आहे, कारण गोव्यातून सर्वाधिक विचारणा तिथलीच होते. स्विंडनला किंवा साउथॉलला कुणी ना कुणी ओळखीचं असतंच.

अभ्यासक्रम निवडताना नावाकडे पाहू नका, त्यातल्या विषयांची यादी उघडा. संशोधन पद्धती आणि संख्यात्मक विश्लेषण हे सक्तीचे असतील तर पदवी पुढे उपयोगी पडते, मग ती पीएचडी असो, धोरणाचं काम असो किंवा बँकेच्या आर्थिक गुन्हे विभागातली नोकरी. सगळे विषय माध्यमं, मालिका-खुनी आणि मनोविकृती यांभोवतीच फिरत असतील तर तो अभ्यासक्रम विद्यार्थी खेचण्यासाठी बेतलेला असण्याची शक्यता दाट. ‘क्रिमिनॉलॉजी’ आणि ‘क्रिमिनल जस्टिस’ यांतही फरक असतो: पहिल्यात सिद्धांत आणि संशोधन, दुसऱ्यात यंत्रणेचं व्यवस्थापन. ब्रिटनमध्ये ‘पोलिसिंग’ची पदवी मात्र सांभाळून घ्या. तिथल्या पोलीस दलात भरतीसाठी परदेशी नागरिकाला कायमच्या वास्तव्याचा हक्क लागतो, विद्यार्थी व्हिसावरून ती वाट नाही.

अर्जात काय लिहायचं

प्रवेश समितीला लहानपणापासूनच्या गुन्हेकथांच्या वेडात रस नसतो. तसे अर्ज त्यांच्याकडे ढिगाने येतात. त्यांना हवं असतं ते प्रश्न विचारता येण्याचं कसब, आणि त्यासाठी गोव्यासारखी जागा शोधून सापडायची नाही.

एक उदाहरण घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ‘क्राइम इन इंडिया’ हा १९५३ पासून निघणारा वार्षिक अहवाल काढतो. त्यात गुन्ह्यांचा दर एक लाख लोकसंख्येमागे दिलेला असतो. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४,५८,५४५. पण कळंगुटच्या किनाऱ्यावर ज्याची बॅग चोरीला जाते आणि जो ती चोरतो, ते दोघंही त्या साडेचौदा लाखांत नसू शकतात. भागाकारात वर पर्यटकांचे गुन्हे आणि खाली फक्त रहिवासी, म्हणजे दर फुगणारच. मग गोव्याचा गुन्हेदर दुसऱ्या राज्याशी ताडून काय सिद्ध होतं? दुसरी गोम अशी की एकाच एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर हा अहवाल त्यांतला सर्वांत गंभीर तेवढाच मोजतो. खुनासोबत झालेली चोरी आकड्यांतून गायब होते. हे दोन मुद्दे दोनशे शब्दांत नीट मांडता आले तर अर्जाचं निम्मं काम झालं.

त्याला सिद्धांताची जोड द्या. १९७९ मध्ये कोहेन आणि फेल्सन यांनी मांडलेला ‘दैनंदिन व्यवहारां’चा सिद्धांत म्हणतो की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी यायला लागतात: गुन्ह्याला तयार माणूस, सोपं लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव. हंगामातला किनारा त्याला कसा लागू पडतो आणि पावसाळ्यात ओस पडलेला तोच किनारा कुठे लागू पडत नाही, हे लिहा. सिद्धांत कुठे तोकडा पडतो ते सांगणारा अर्ज नुसत्या व्याख्या देणाऱ्यापेक्षा उठून दिसतो.

अनुभवाच्या रकान्यात खाकीतल्या काकांसोबत एक दिवस ठाण्यात बसल्याचं लिहू नका. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात स्वयंसेवक म्हणून काही महिने, बालहक्कांवर किंवा मानवी तस्करीवर काम करणाऱ्या संस्थेत कागदपत्रांचं काम, न्यायालयात बसून जामीन अर्जांच्या सुनावण्यांची पद्धतशीर नोंद, यांना किंमत असते. गोवा बाल कायदा २००३ आणि त्याखालचं बाल न्यायालय ही आपल्याकडची वेगळी गोष्ट आहे, तिची माहिती असावी. अल्पवयीनांशी थेट संपर्काचं काम मात्र परवानगीशिवाय नको. त्यांची नावं किंवा ओळख पटेल असा तपशील अर्जात आला तर तिथेच शंका निर्माण होते की याला संशोधनाची नैतिकता कळत नाही.

मास्टर्सला शिफारसपत्रं सहसा दोन लागतात. प्राचार्यांच्या सहीपेक्षा ज्यांनी तुमचा प्रकल्प तपासला त्या अध्यापकांचं पत्र चांगलं. ते महाविद्यालयाच्या ईमेलवरूनच यावं, खाजगी ईमेलवरून आलेली पत्रं पडताळणीत अडकतात.

कागद आणि नावं

गोव्यातल्या अर्जांत सगळ्यात जास्त घोळ नावांचा. आजोबांच्या पोर्तुगीजकालीन जन्मनोंदीत पोरोब, वडिलांच्या दाखल्यावर प्रभू, मुलाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर परब. नाईक हेच आडनाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं. प्रवेश देणारं विद्यापीठ हे चालवून घेईल, व्हिसा अधिकारी घेणार नाही, कारण पैसे वडिलांच्या खात्यात असतील तर नातं जन्मदाखल्यावरून सिद्ध करावं लागतं. म्हणून सर्वांत आधी पासपोर्ट, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, पदवीचे कागद, जन्मदाखला आणि वडिलांचं बँक खाते यांवरची नावं एका कागदावर एकाखाली एक लिहा. अक्षराचा फरक असेल तिथे दुरुस्ती करायची की प्रतिज्ञापत्र, हे वकिलाला विचारून ठरवा. गोव्यात नाव-आडनाव बदलायला १९९० चा वेगळा कायदा आहे आणि प्रक्रियेला वेळ लागतो, म्हणून हे काम निघण्याच्या निदान एक वर्ष आधी काढा.

गोवा विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांची अधिकृत नोंद) ताळगाव पठारावरून एकदाच, पण चार-पाच सीलबंद प्रतींत घ्या. सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर स्वतः करू नका. विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र सोबत जोडा, हिशेब त्यांना करू द्या.

पैसा: इथेच बहुतेक अर्ज आपटतात

ब्रिटनच्या व्हिसासाठी दोन रकमा दाखवाव्या लागतात: पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात. म्हणजे नऊ महिन्यांचे अनुक्रमे १३,७६१ आणि १०,५३९. समजा फी २२,००० आणि त्यातले ५,००० भरले. उरले १७,०००. लीड्ससाठी अधिक १०,५३९. एकूण २७,५३९ पौंड.

ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असायला हवी, आणि २८ वा दिवस अर्जाच्या तारखेच्या मागे ३१ दिवसांपेक्षा जास्त जुना नको. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अर्ज जुलै-ऑगस्टचा आणि आपल्याकडे चवथ (गणेश चतुर्थी) त्याच सुमारास. माटोळीच्या बाजारासाठी त्याच खात्यातून पैसे काढले, किंवा घरच्या कर्जाचा हप्ता त्यातूनच आपोआप वळता झाला, आणि नकार आला, हे टाळण्यासाठी व्हिसाच्या पैशांचं खातं वेगळंच ठेवा. रुपयाचा दर हलतो म्हणून वर दहा टक्के जास्त असू द्या.

पैसे कुठे ठेवले आहेत हेही पाहतात. गावच्या सहकारी पतसंस्थेतली ठेव आपल्याला कितीही भरवशाची वाटली तरी व्हिसासाठी धोक्याची, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची बँक नव्हे. रक्कम शेड्यूल्ड बँकेत हलवून मगच २८ दिवस मोजा. मुदत ठेव चालते, पण ती गरजेला मोडता येते असं बँकेच्या पत्रात असावं. खातं स्वतःचं, आईवडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं चालतं. मामाचं, आतेभावाचं चालत नाही. साउथॉलला काकांकडे राहणार असलात तरी राहण्याचा खर्च पूर्णच दाखवावा लागतो. सूट मिळते ती विद्यापीठाच्या वसतिगृहाचं भाडं आगाऊ भरलं असेल तर, तीही १,५२९ पौंडांपर्यंतच.

व्हिसा शुल्काशिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. एका वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा कोर्सनंतरचे चार महिने धरून मिळतो, आणि वर्षावरच्या महिन्यांसाठी अर्ध्या वर्षाचे पैसे घेतात, म्हणून दीड वर्षाचे १,१६४ पौंड एकदम भरावे लागतात. घरच्या अंदाजपत्रकात ही रक्कम हमखास राहून जाते.

बँकेतून फी पाठवताना १० लाखांवरच्या रकमेवर टीसीएस हा आगाऊ कर कापला जातो, मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर मात्र नाही. कापलेली रक्कम ज्याच्या पॅनवर कापली त्याला विवरणपत्रात परत मागता येते. म्हणून पाठवणाऱ्याचं विवरणपत्र वेळेवर भरलेलं असावं. राज्य पातळीवर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आणि उच्च शिक्षण संचालनालयाची मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना आहे. दोन्हींच्या चालू अटी थेट कार्यालयातून घ्या आणि मामलेदार कचेरीतून रहिवासी दाखला आधीच काढून ठेवा, ऐन वेळी तिथे आठवडे जातात. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला किमान २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. त्यामुळे बीए संपवून लगेच निघणाऱ्याला ती उपयोगाची नाही.

पोर्तुगीज पासपोर्टचा विषय

हा प्रश्न गोव्याबाहेरच्या कुठल्याच मार्गदर्शकात सापडत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांपैकी अनेकांकडे पोर्तुगीज नागरिकत्व आहे किंवा त्याची फाइल लिस्बनला पडून आहे. ब्रिटनसाठी त्याचा फीमध्ये फायदा नाही: १ जानेवारी २०२१ पासून नव्याने जाणाऱ्या युरोपीय नागरिकालाही विद्यार्थी व्हिसा आणि परदेशी फी लागू. क्षयरोग चाचणीही चुकत नाही, कारण ती अट राहण्याच्या देशावर आहे, पासपोर्टवर नव्हे. नेदरलँड्समध्ये मात्र फरक डोळ्यांत भरतो. युरोपीय नागरिकाची सरकारमान्य फी २०२५-२६ साठी २,६०१ युरो, बाहेरच्यांना तिच्या कितीतरी पट.

पण या विषयाच्या विद्यार्थ्याने दुसरी बाजू आधी पाहावी. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय जातं, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर सरकारी नोकरी मिळत नाही. परत येऊन गोवा पोलीस, तुरुंग प्रशासन किंवा वेर्ण्याची फॉरेन्सिक प्रयोगशाळा डोक्यात असेल तर लाल पासपोर्ट ते दार लावून घेतो.

व्हिसा आणि तिथे गेल्यावर

प्रवेश पक्का झाला की विद्यापीठ सीएएस (प्रवेश निश्चितीचा) क्रमांक देतं. त्याआधी अनेक ठिकाणी व्हिडिओवर छोटी मुलाखत होते: हाच कोर्स का, त्यातले तीन विषय सांगा, पैसे कोण देणार, नंतर काय करणार. एजंटाने पाठ करून दिलेली उत्तरं लगेच ओळखू येतात. अर्ज कोर्सच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णय साधारण तीन आठवड्यांत लागतो. क्षयरोगाची चाचणी ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या दवाखान्यातच करायची. प्रमाणपत्र सहा महिने चालतं, म्हणून मार्चमध्ये घाईने करून घेतलेली चाचणी ऑक्टोबरात कामाची नाही.

सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात, सरासरी काढत नाहीत. एका आठवड्यात २४ आणि पुढच्यात १६ केले तरी तो भंगच. मोबाइल ॲपवरून जेवण पोचवण्याचं काम स्वयंरोजगारात मोडतं आणि विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे. पदवीनंतर राहून काम करण्याचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी-मास्टर्सवाल्यांना तो १८ महिन्यांचाच मिळणार आहे. शिकवून होणाऱ्या मास्टर्सवर जोडीदाराला सोबत नेता येत नाही, हा नियम २०२४ पासूनचा.

पोलीस ठाण्यात किंवा तुरुंगात ‘प्लेसमेंट’ मिळेल असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. अशा जागांची सुरक्षा पडताळणी अनेकदा तिथल्या तीन वर्षांच्या वास्तव्याची अट घालते आणि परदेशी विद्यार्थी नेमका तिथेच गळतो. प्रवेश घेण्यापूर्वी सरळ विचारा: मागच्या वर्षी किती परदेशी विद्यार्थ्यांना प्लेसमेंट मिळाली आणि कुठे? स्वयंसेवी संस्थेत काम मिळणार असेल तर भारतातून पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र मागतात. ते निघण्यापूर्वीच पासपोर्ट सेवेतून काढून सोबत न्या.

प्रबंधाचा विषय सुचला की पहिला मोह होतो कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात जाऊन कैद्यांच्या मुलाखती घेण्याचा. मास्टर्सच्या प्रबंधाला हातात तीन-साडेतीन महिने असतात. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी, मग गोव्यात तुरुंग महानिरीक्षकांची परवानगी, आणि दोन्हींच्या मधे कुणीतरी एक रजेवर. वेळ तिथेच संपतो. तयार माहितीवर काम करा. इंग्लंड आणि वेल्सचं गुन्हे सर्वेक्षण १९८२ पासून चालू आहे आणि ते यूके डेटा सर्व्हिसमधून विद्यार्थ्यांना मिळतं. लोकांना झालेला उपद्रव थेट लोकांनाच विचारून मोजलेला असल्याने पोलिसांपर्यंत न पोचलेले गुन्हेही त्यात येतात. गोव्यावरच करायचं असेल तर कारागृह आकडेवारीचे वार्षिक अहवाल आणि प्रसिद्ध न्यायनिर्णय यांवर मुलाखतीविना चांगला प्रबंध होतो. जाण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात आर हे मोफत सॉफ्टवेअर शिकून घ्या: फाइल उघडणं, सारणी काढणं, साधा प्रतिगमन आलेख. वर्गातले इतर त्यात धडपडत असतात तेव्हा तुम्ही पुढे असता.

परत येण्याआधी

एका वर्षाच्या ब्रिटिश मास्टर्सला भारतात किंमत नाही, ही जुनी समजूत. २१ जुलै २०२२ च्या भारत-ब्रिटन करारात अशा मास्टर्सची दखल घेतली गेली आहे, आणि एप्रिल २०२५ च्या नियमांनुसार परदेशी पदव्यांची समकक्षता विद्यापीठ अनुदान आयोग देतो. यूजीसी-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे, पण खुल्या प्रवर्गाला मास्टर्समध्ये ५५ टक्के लागतात. ब्रिटनमध्ये ५० ला उत्तीर्ण करतात आणि ७० म्हणजे उत्कृष्ट. ५३ गुणांनी पास झालेला विद्यार्थी तिथे पदवीधर असतो आणि इथे अर्जाच्या रकान्यात अडकतो. म्हणून विद्यापीठ सोडण्यापूर्वी पदवीपत्र, पूर्ण ट्रान्सक्रिप्ट, गुणदान पद्धतीचं अधिकृत पत्र आणि अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून, अमुक ते अमुक तारखेला पूर्ण केला असं प्रमाणपत्र, ही चार कागदं शिक्क्यासह हातात घ्या. डिचोलीत बसून लीड्सच्या परीक्षा विभागाला ईमेल करत राहण्यापेक्षा ते सोपं पडतं.